दहा ग्रॅम

एकतीस वर्षं मी तराजूंना शिक्के मारले.
वजनमापे खातं. गुलटेकडी, मार्केट यार्ड.
गुळाच्या गाळ्यात पाऊल टाकलं
की पारड्याखाली चिकटवलेली चिंच
आधी कुणाच्या तरी तोंडात जायची.
वजनाच्या पोटातलं शिसं मी नखानं ओळखायचो,
आणि दहा ग्रॅमची चोरी कानानं.
पारडं टेकताना जरा लवकर टक् करतं.

असा मी, काल सकाळी,
बिबवेवाडीत, सोसायटीच्या हॉलमध्ये,
उपाशीपोटी, अनवाणी,
एका काचेच्या काट्यावर.

पहिल्यांदा शिक्का शोधला. सवय.
वाकून बघायला गेलो तर मधे पोट आलं.

आफरीन तांबोळी होती टेबलावर, माझ्या भाचीएवढी.
"हलू नका, काका."
चौऱ्याहत्तर.
मग भिंतीला टेकवलं, डोक्यावर पट्टी ठेवली:
एकशे त्रेसष्ट.
म्हटलं, पट्टीत खोट आहे.
माझ्या सेवापुस्तकात एकशे सहासष्ट आहे,
साहेबांच्या सहीनिशी.
ती हसली नाही.
"मणके बसतात, काका. सगळ्यांचेच."

मीटरमधल्या उंचीचा वर्ग,
त्यानं वजनाला भागायचं. एवढंच त्या बीएमआयचं गणित.
सत्तावीस पूर्णांक नऊ.
तिच्याच कागदाच्या पाठीवर मी
साहेबांनी सही केलेली उंची घालून पाहिली:
सव्वीस पूर्णांक नऊ.
म्हणजे एक अख्खा आकडा मी
एक घासही न खाता वाढवला होता.

"तेवीसच्या आत असावं, आपल्या लोकांचं.
गोऱ्यांना पंचवीसपर्यंत चालतं."
म्हटलं, मी तर कुणाला
देश बघून वेगळा किलो दिला नाही कधी.
"किलो तोच हो, काका.
आपल्याकडे चरबी आधी पोटात जाऊन बसते."

मला सोपान घुले आठवला, भुसार बाजारातला हमाल.
क्विंटलचं पोतं घेऊन जिना चढायचा.
या हिशेबात तोही लठ्ठच निघाला असता,
आणि अंगावर चिमटीत धरायला चरबी नव्हती.
आणि हा माझा साडू, दिगंबर,
माझ्यामागेच रांगेत, शर्टात हँगर ठेवल्यासारखा.
वीस पूर्णांक आठ!
माझ्याकडे बघून कॉलर ताठ केली त्यानं.
पुढच्या टेबलावर बोटाला सुई टोचली,
उपाशीपोटीची साखर एकशे एक्क्याण्णव.
कॉलर तशीच राहिली. चेहरा उतरला.

प्रत्येक काट्याला आम्ही थोडी चूक माफ करायचो,
इतक्या किलोला इतके ग्रॅम, नियमात बसवून.
आफरीनला विचारलं, तुझ्या या आकड्याला किती माफ?
ती म्हणाली, "म्हणून तर टेप आहे,"
आणि माझ्या पोटाभोवती टेप गुंडाळली.

मी श्वास आत ओढला.

"सोडा, काका."
नाही, सोडलाय, म्हटलं.
"सोडा."

एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या पारड्याखालची चिंच काढली,
आणि आज मापात पाप करताना
रंगेहाथ सापडलो, बेंबीपाशी.
मागे दिगंबर खाकरला.
सोडला.
अठ्ठ्याण्णव. नव्वदच्या आत हवं होतं.

डॉक्टर म्हणाले, चार-पाच किलो उतरवा. घाई नको.
संध्याकाळी तळजाईला जा, भात अर्ध्यावर आणा,
तीन महिन्यांनी परत या.
फेरतपासणी, म्हटलं. त्यांना कळलं नाही.

घरी शैलजानं विचारलं, "किती भरलं?"
अठ्ठ्याण्णव.
तिचा हात तव्यावरच थांबला. "किलो?"
सेंटिमीटर.
ती काही बोलली नाही.
वरणावर तूप वाढताना
चमचा भांड्याच्या कडेला टेकला,
टक्,
नेहमीपेक्षा जरा लवकर.

दहा ग्रॅम.
मी तक्रार नोंदवली नाही.